परत आलेल्या वस्तूला प्रश्न नाही

— साहेब कसे आहेत?

हा प्रश्न सकाळपासून कोणी विचारला नव्हता, आणि ताई तो कोणीतरी विचारेल म्हणून वाट बघत होत्या.

त्यांनी प्रत्येकाला पुरेशी संधी दिली होती. गेटपाशी उगीचच थांबून चष्मा पुसला. वॉचमन म्हणाला, "आज शेवटचा दिवस, ताई."

"हो ना."

"सवय झाली होती तुमची."

"मलाही तुमची."

मग दोघं गप्प. दुसरीकडे कुठेही, एवढ्या शांततेत माणूस घरच्यांची चौकशी करतो. वॉचमननं गेट होतं त्याहून थोडं जास्त उघडलं, एवढंच.

फोनवर बसणारी बाई म्हणाली, "आज चहा मी करते, तुम्ही बसा." झाडणारा म्हणाला, "तुमची खुर्ची पुसलीय." हिशेबनीस नुसताच उठून उभा राहिला आणि परत बसला. सगळी जिवाला जीव देणारी माणसं, पण एकाच्याही तोंडून तो प्रश्न निघाला नाही. निघणारही नव्हता. ताईंनीच तो या इमारतीतून हद्दपार केला होता.

त्याचं असं झालं होतं. संस्था आजाऱ्यांच्या घरी लागणाऱ्या वस्तू वापरायला देते: चाकांच्या खुर्च्या, वॉकर, प्राणवायूची यंत्रं, डोक्याकडून वर होणारे पलंग. काम झालं की वस्तू परत. काम होण्याच्या तऱ्हा दोनच. माणूस बरा होतो किंवा माणूस जातो. सुरुवातीच्या काळात एक उत्साही कार्यकर्ता होता. खुर्ची परत करायला आलेल्या एका बाईंना त्यानं हसत विचारलं, "काय, हिंडूफिरू लागले ना?" त्या बाई पायरीवर बसल्या त्या अंधार पडेपर्यंत उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ताईंनी सगळ्यांना भांडारात उभं केलं आणि सांगितलं, आजपासून परत आलेल्या वस्तूला प्रश्न नाही. दोनच वाक्यं बोलायची. "ठेवा इथे." आणि "पाणी घेणार?"

नियम चांगला होता. लोक त्यासाठी दुवा देत. पण चांगला नियम वेलीसारखा असतो, लावला एका खांबाशी की चढतो भलत्याच खिडकीत. हळूहळू संस्थेतली माणसं आपसातही कोणाच्या घरच्या दुखण्याबद्दल विचारेनाशी झाली. ज्याला सांगायचं तो सांगेल. न सांगणाऱ्याला टोकायचं नाही.

त्यामुळे ताईंचे साहेब जाऊन दोन-अडीच महिने झाले तरी संस्थेत ते कोणालाच माहीत नव्हतं.

— का नाही सांगितलं?

हा प्रश्न धाकटी बहीण विचारायची, रोज, फोनवर. पण ती दूर राहायची, आणि तिचं विचारणं म्हणजे रागावणं, ते काही जमेला धरता येत नाही.

"सांगितलंस का आज?"

"आज गडबड होती."

"तू गेल्यावर तरी कळवशील का लोकांना, की तेही तुमच्या नियमात बसत नाही?"

"आता कसं सांगू? इतके दिवस गेले."

"तोंड उघडून सांग. तुझंच तोंड आहे, भाड्याचं नाही."

बोलायला सोपं होतं. ताई मात्र अशा कात्रीत सापडल्या होत्या की जिची दोन्ही पाती त्यांनी स्वतः धार लावून ठेवलेली. साहेब पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, कंबरेपासून खाली लुळे पडलेले, वर्षभर पलंगावर. त्यांचं सगळं करायला माणूस हवं म्हणून ताईंनी राजीनामा दिला. विश्वस्त म्हणाले, तुमच्या जागी कोणी मिळेपर्यंत थांबा. ताई थांबल्या. साहेब थांबले नाहीत. त्यांनी हट्ट धरला, थोरल्या भावाकडे जायचं, तिथल्या खिडकीतून नदी दिसते. रुग्णवाहिका करून नेलं. नदी त्यांनी पोटभर बघितली आणि त्या आठवड्यातच, दुपारचं झोपल्यासारखे गेले. थोरल्या दिरांनीच सगळं केलं. जाऊबाई म्हणाल्या, राहा थोडे दिवस. पण दुसऱ्याच दिवशी ताईंच्या जागेसाठी मुलाखती होत्या, आणि घेणाऱ्यांत त्या होत्या.

रात्रभर प्रवास करून त्या थेट संस्थेत आल्या. बाहेर बाकावर उमेदवार बसलेले, आत विश्वस्त कागद लावून तयार. ताईंनी ठरवलं होतं, कोणी 'साहेब कसे आहेत' म्हणालं की सांगून टाकायचं. अध्यक्ष म्हणाले, "प्रवास बरा झाला?"

"बरा झाला."

"मग बोलावू या पहिल्याला?"

तेव्हा सांगितलं असतं तर राजीनामा परत घेता आला असता. पण बाहेर माणसं बसली होती, त्यातली एक घाबरून पाण्याची बाटली उघडत होती आणि बंद करत होती. ताई म्हणाल्या, "बोलवा." संध्याकाळपर्यंत ती बाटलीवाली निवडली गेली होती. त्यानंतर सांगणं म्हणजे जागा परत मागणं झालं असतं. किंवा त्याहून वाईट: सगळ्यांनी हळहळावं आणि 'मग आता राहा' असं मात्र कोणी म्हणू नये.

आता वाक्य साधं होतं. साहेब गेले. दोन शब्द. ते आज संध्याकाळच्या आत कोणाला तरी सांगायचे. कारण उद्यापासून सगळे समजणार, ताई घरी साहेबांपाशी आहेत, सुखात आहेत, दारावर जाऊन आजाऱ्याची झोप मोडू नये. आणि खरोखरच कोणी येणार नाही. ही माणसं तशी शहाणी होती. ताईंनीच शहाणी केली होती.

— पलंग कुठे आहे?

हाही नाही विचारला.

अकराच्या सुमारास फोनवाली बाई खोलीच्या दारात आली. तिच्यामागे कुलूपकाका. भांडाराच्या किल्ल्या त्यांच्याकडे आणि बोलणंही बेताचं, म्हणून हे नाव. त्यांना ते आवडायचं, किंवा आवडत नाही असं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"एका घरून फोन आलाय," फोनवाली म्हणाली. "वडिलांना आज दवाखान्यातून सोडतायत. आडवं झोपलं की दम लागतो. डोक्याकडून वर होणाराच पलंग हवा."

"द्या मग," ताई म्हणाल्या आणि लगेच आठवलं, आता द्या म्हणणं आपलं काम नाही. शेजारच्या टेबलावर नव्या मॅडम बसल्या होत्या, आठवडाभर काम समजून घेत होत्या. त्यांनी कुलूपकाकांकडे बघितलं.

"एकही नाही," कुलूपकाका म्हणाले.

"एकही?"

"सगळे घरोघरी आहेत."

असं म्हणून कुलूपकाका फरशीकडे बघू लागले. फोनवालीही फरशीकडे बघू लागली. फरशीवर काही नव्हतं. त्या दोघांना पक्कं ठाऊक होतं की त्यांतलं एक घर ताईंचं आहे, आणि त्या घराकडे नुसती नजरही वळू नये म्हणून त्यांनी ती खाली दाबून धरली होती.

"विकत घेता येईल का तातडीनं?" नव्या मॅडमनी विचारलं.

"आठवडा लागतो."

"मग त्यांना काय सांगायचं?"

"उशा लावा म्हणायचं," कुलूपकाका म्हणाले. "चार उशा लावतात. घसरतात पण."

ताईंचं तोंड उघडलं होतं. आता. आमच्याकडचा रिकामा आहे. एवढंच. तेवढ्यात अध्यक्षांची गाडी आली, फोनवाली पळाली, दारात हार नको फुलं नको असं कोणीतरी कोणाला तरी ओरडून सांगू लागलं, आणि उघडलेल्या तोंडातून ताई म्हणाल्या, "चला, अध्यक्ष आले."

निरोपाच्या भाषणांतून ताईंना जेवढं ऐकू आलं तेवढं:

…या संस्थेचा पाया म्हणजे ताई, आणि पाया कधी दिसत नाही, पण ताई मात्र रोज साडेनवाला दिसायच्या… (हशा)

…मी आलो तेव्हा मला वाटलं, फार कडक आहेत. नंतर कळलं, खरंच फार कडक आहेत… (जास्त हशा)

…आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरचे आजारी सांभाळले, आता आपल्या माणसाला वेळ देणार. यासारखं दुसरं सुख…

…आमच्याकडून एक छोटीशी भेट. साहेबांना पलंगावर बसल्या बसल्या जेवता यावं, वाचता यावं, म्हणून हे घडीचं टेबल. पाय उघडून दाखव रे. असं. कडेला खाच आहे, पेला सांडत नाही…

…ताई, दोन शब्द.

दोन शब्दच तर होते. ताई उभ्या राहिल्या. समोर सगळे, हातात चहाचे कागदी पेले. घडीचं टेबल चारी पाय पसरून मधोमध उभं, जनावराच्या पिल्लासारखं. एवढ्या प्रेमानं आणलेल्या टेबलावर ते दोन शब्द कसे ठेवायचे?

"टेबल छान आहे," ताई म्हणाल्या. "उंची अगदी बरोबर आहे."

टाळ्या.

ताई खाली बसल्या. बिस्किटांची बशी फिरली. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. हळूहळू माणसं आपापल्या टेबलाकडे गेली, कारण निरोप कोणाचाही असो, दुपारी फोन वाजायचे ते वाजतातच. हिशेबनीसानं कागदी पेले गोळा केले, ताईंच्या हातातला अर्धा भरलेलाही, "झाला ना?" म्हणत. ताई "झाला" म्हणाल्या.

चार उशा. घसरतात पण.

त्या उठून भांडारात गेल्या.

कुलूपकाका एका वॉकरच्या पायांना नवे रबर बसवत होते. ड्रायव्हर त्यांच्याशेजारी खोक्यावर बसून सल्ला देत होता.

"उलटं बसवताय, काका."

"तू गाडी चालव."

"गाडी उभी आहे म्हणून तर बघतोय."

ताईंना बघून ड्रायव्हर उठला. ताई म्हणाल्या, "एक पलंग परत येतोय."

हे संस्थेतलं रोजचं वाक्य. शेकडो वेळा त्यांनी फोनवर ऐकून इथे येऊन सांगितलेलं. तेच आज त्यांनी स्वतःच्या घरून आणलं होतं.

कुलूपकाकांचा हात थांबला. "कुठून?"

"माझ्याकडून."

रबर हातात तसंच राहिलं. ताई बघत होत्या. काकांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं आणि किल्ली फिरावी तसं बंद झालं. ते म्हणाले, "आत्ताच आणतो. त्या दम्याच्या घरी थेट पोचवता येईल." मग, नियमाप्रमाणे, "पाणी घेणार?"

"नको," ताई म्हणाल्या.

— कधी गेले?

हा विचारला.

गाडीबरोबर नव्या मॅडमही आल्या होत्या. वस्तू घरातून उचलतात कशी ते बघायचं होतं, म्हणाल्या. ताई मागून रिक्षानं येऊन दार उघडून उभ्या. आतल्या खोलीत पलंग होता तसाच होता, चादर ताठ, उशी मधोमध. कोपऱ्यात औषधांची रिकामी ट्रॉली. ड्रायव्हरनं पाना काढला, कुलूपकाकांनी गादी गुंडाळायला घेतली, दोघंही देवळात आल्यासारखे पावलं दाबत. आणि नव्या मॅडम दारात उभ्या राहून खोली बघत म्हणाल्या, अगदी सरळ, शेजारीण विचारते तसं:

"कधी गेले?"

पाना नटावरून घसरला. कुलूपकाकांनी गादी छातीशी धरली.

आठवडाभरात ताईंनी या बाईला सगळं शिकवलं होतं: कोणता विश्वस्त फोनवर चिडतो, कोणता पुरवठादार दोनदा बिल पाठवतो, पावसात यंत्रांवर काय झाकायचं. एवढा एक नियम सांगायचा राहिला होता. राहिला होता की ठेवला होता, ते ताईंनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"तुमच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी," ताई म्हणाल्या.

नव्या मॅडमनी मनात हिशेब केला. तो चेहऱ्यावर दिसला.

"पण मुलाखतीला तर तुम्ही होतात. तुम्ही मला म्हणालात, बाटली खाली ठेवा, ती काही उत्तर देणार नाही."

"घाबरला होतात तुम्ही."

"मी हसले त्यावर. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्हाला जावंच लागलं नसतं."

"नसतं."

"मग का नाही…"

"कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

ताईंनी हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, पण ते खोलीतल्या दोन पुरुषांना बरोबर जाऊन लागलं. ड्रायव्हर नट शोधायला पलंगाखाली गेला आणि तिथेच राहिला. कुलूपकाका गादीआडून म्हणाले, "मला शंका होती."

"काय?"

"रबरी चादरी न्यायच्या बंद केल्यात तुम्ही. म्हटलं, एक तर साहेब बरे झाले, नाहीतर… बरे होण्यासारखं नव्हतं. तुमच्या खोलीच्या दारापर्यंत आलो होतो दोनदा."

"मग?"

"मग मागे फिरलो. म्हटलं, बाईंनी इतकी वर्षं नियम सांभाळलाय, आपण कशाला मोडा."

"मोडायचा होता हो, काका."

"आता कळलं."

ताई खिडकीशी टेकल्या. दिवसभर, दिवसभर कसलं, महिनोन् महिने जे तोंडात धरून ठेवलं होतं ते आता एकदम सगळंच बाहेर यायला बघत होतं. नदी किती जवळ होती ते. साहेब पाण्याच्या पातळीबद्दल भावाशी भांडले ते. शेवटी जाऊबाईंना म्हणाले, वहिनी, हिला जेवायला घाला, ही मला भरवते आणि स्वतः उभ्यानं खाते. ताई म्हणाल्या, "तिथे त्यांच्या खोलीला एक मोठी खिडकी होती…"

मॅडमचा फोन वाजला. त्यांनी तो घेतला, दोन वेळा "हो" म्हणाल्या, खाली धरला. "दवाखान्यातून निघालेत ते. रुग्णवाहिका अर्ध्या तासात घरी पोचेल. आपण आधी पोचायला हवं." मग ताईंकडे बघून, "थांबू का मी? हे दोघं जातील."

"नको, नको," ताई म्हणाल्या. "जोडायला तिघं लागतात. एक जण डोक्याकडची बाजू धरतो."

पलंग उतरला. चौकट, दांडे, हँडल, गादी. ताईंनी रिक्षातून आणलेलं घडीचं टेबलही ड्रायव्हरनं उचललं आणि ताईंकडे बघितलं. ताईंनी 'न्या' अशी मान हलवली. खाली सगळं गाडीत चढलं, मागचं दार लागलं, आणि ताई सवयीनं पुढच्या दाराशी गेल्या. ड्रायव्हर, काका, मॅडम. पुढे तिघंच मावतात. मॅडम उतरू लागल्या.

"बसा," ताई म्हणाल्या. "त्या घरी तुमचा चेहरा कळायला हवा आता."

"तुम्ही खिडकीचं सांगत होतात."

"हो. पुन्हा कधीतरी."

गाडी गेली. गल्लीत एक बाई दोरीवरचे कपडे काढत होती. तिनं ताईंकडे बघून ओळखीचं हसल्यासारखं केलं. ताईंना वाटलं हिला सांगावं. मग ती कपडे घेऊन आत गेली.

— आणि

संध्याकाळी फोन आला. नव्या मॅडमचा, आवाज दबका.

"ताई, डोक्याकडची बाजू वर होते, पण तिथे राहत नाही. हळूहळू खाली येते. काका म्हणतायत, ते हँडल…"

"त्याला खोड आहे," ताई म्हणाल्या. त्या रिकाम्या खोलीत उभ्या होत्या. फरशीवर पलंगाच्या चार पायांचे फिकट चौकोन होते आणि त्या, कारण नसताना, ते टाळून चालत होत्या. "पूर्ण वर घ्या. मग अर्धा फेरा उलटा. अडकल्यासारखं वाटेल, तरी दाबा. टक् असा आवाज येतो."

"काका, अर्धा फेरा उलटा," पलीकडे.

हँडलचा करकर आवाज आला. तो ताईंना झोपेतही ओळखता आला असता. मग टक्.

"राहिलं," मॅडम म्हणाल्या. "थँक्यू, ताई." आणि फोन ठेवायचा म्हणून कुठेतरी ठेवला, पण बंद केला नाही. खिशात असावा. कापडाची खरखर येत होती, आणि तिच्यामागे एक अनोळखी घर.

कोणीतरी खोकलं. बाईचा आवाज म्हणाला, "बाबा, आता?"

बराच वेळ नुसता श्वास. मग म्हातारा आवाज, "हं. आता बरं."

ताई फोन कानाशी धरून उभ्या राहिल्या. ठेवायला हवा होता, दुसऱ्याच्या घरातलं ऐकू नये. कुलूपकाका त्या घरच्यांना वस्तूची माहिती देत होते, नेहमीच्या सुरात. हँडलला तेल नको. गादी उन्हात नको. "आणि परत द्यायची वेळ आली की नुसता फोन करा. आमच्याकडून कोणी काही विचारत नाही."

खरखर थांबली. अगदी जवळून, खिशाच्या वरून, नव्या मॅडमचा आवाज आला.

"मी विचारीन," त्या म्हणाल्या. "चालेल ना?"

पलीकडे कोणी काय उत्तर दिलं ते कळलं नाही. इकडे ताई "चालेल" म्हणाल्या, बऱ्यापैकी मोठ्यानं. फोन खिशात होता. कोणाला ऐकू गेलं नाही.